न कळणारा टीव्ही

आमच्या बिल्डिंगमधले केळुसकर काका महिनाभरासाठी म्हणून कर्नाटकात गेले आणि अकराव्या दिवशी परत आले. सकाळी दूध आणायला खाली उतरलो तर गेटपाशी त्यांची पिवळी बस उभी. सत्तरीचा माणूस, स्वतः गाडी चालवत गेलेला.

"काका, बरं आहे ना सगळं?"

"मला काय धाड भरल्येय," काका म्हणाले. मग दूध नासल्याचं सांगावं तशा आवाजात म्हणाले, "कन्नड समजायला लागलं."

"मग चांगलंच की."

"चांगलं कसं? परवा हुबळीत बातम्या बघत होतो. एक पुढारी म्हणाला, नाल्याचं काम तीन महिन्यांत पुरं होईल. मला शब्दन्‌शब्द कळला. म्हटलं, संपलं. आता इथे थांबण्यात अर्थ नाही."

पुढारी नाल्याबद्दल काय म्हणतो हे ऐकायला हुबळीपर्यंत जायची गरज नाही, एवढं मला पटलं. बाकी काही कळलं नाही. काकांच्या मागून काकू उतरल्या, हातात कढीपत्त्याचं रोप. माझ्याकडे बघून हसल्या आणि जिना चढून गेल्या.

काका अंबरनाथच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं इन्स्पेक्टर होते. तयार झालेला माल तपासायचा आणि त्याला पास, रिवर्क किंवा रिजेक्ट असा शिक्का मारायचा, हे काम. निवृत्त झाल्यावर शिक्का कंपनीत राहिला, पण जीभ घरी आली. बिल्डिंगच्या गणपतीत मोदक तोंडात टाकला की सगळ्या बायका त्यांच्या तोंडाकडे बघत. "सारण पास. पारीला रिवर्क." माझी बायको वर्षा शाळेत शिक्षिका आहे, ती स्वतः दिवसभर शेरे मारत असते, पण काकांचा शेरा मिळाला की तिचाही चेहरा दहावीच्या मुलीसारखा होतो.

काकूंचं नाव मालती. बोलक्या, ठसठशीत आवाजाच्या. दहा-बारा वर्षांपूर्वी एका तापानंतर त्यांचं ऐकणं कमी होत गेलं आणि मग जवळजवळ गेलंच. मशीन लावून पाहिलं. त्या म्हणाल्या, त्यात कुकरची शिट्टी आणि नवरा सारखेच वाजतात. डॉक्टरांनीही फारशी आशा दाखवली नाही. मशीन डब्यात गेलं. समोरच्याच्या ओठांवरून त्यांना बरंच कळतं, फक्त माणसाने सावकाश बोलायला हवं. आम्ही शेजारी सावकाश बोलण्याऐवजी मोठ्याने बोलायचो. तळमजल्यावरचे लोक वर तोंड करून विचारायचे, "काय झालं?" आणि काकू शांतपणे विचारायच्या, "काय म्हणालास?"

काका निवृत्त झाल्यावर दोन-तीन वर्षांनी त्यांनी ती बस घेतली. एका शाळेची जुनी मिनीबस, पिवळीधमक. मागच्या काचेखाली मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, 'सावकाश, मुले आहेत'. मी म्हटलं, "काका, हे तेवढं पुसून घ्या."

"कशाला? लोक हात राखून चालवतात मागून. फुकट मिळालेलं अंतर कोण घालवतो?"

त्यामुळे कुठल्याही गावात बस थांबली की लोक मुलं उतरायची वाट बघत आणि दारातून एक टकलू आजोबा आणि एक नऊवारी झेपत नाही म्हणून पंजाबी ड्रेस घातलेली आजी उतरत.

बसच्या आतलं काम उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये झालं. मागच्या सीटा काढून दोन पलंग, एक ओटा, एक छोटी मोरी. गाद्या आणि पडद्यांसाठी काका मला घेऊन मोहनभाई नावाच्या सिंधी माणसाकडे गेले. शेअर रिक्षातून उतरून दोन बोळ आत, जिथे सगळीकडे जीन्स शिवायची मशिनं धडधडत असतात. मोहनभाईंकडे जीन्सचं जाड कापड गठ्ठ्यांनी पडलेलं. काकांनी ते दोन्ही हातांनी ताणून पाहिलं, उजेडात धरलं, नखाने खरवडलं आणि म्हणाले, "पास."

"साईं, कपडा तो ठीक," मोहनभाई म्हणाले, "फटा हुआ चाहिए या साबूत? आजकल फटा हुआ महंगा जाता है."

काकांना हा विनोद कळायला कल्याण-बदलापूर रस्त्यावर येईपर्यंतचा वेळ लागला. मग ते रिक्षात एकटेच हसले. मोहनभाईंनी उरलेले मागचे खिसेसुद्धा पडद्यांवर शिवून दिले. त्यामुळे बसच्या पडद्यांना खिसे आहेत. एका खिशात रिमोट, एकात चष्मा, एकात काकूंची कोथिंबीर.

आणि टपावर डिश. खरं तर सगळी बस त्या डिशसाठी होती. लोक गाडी घेऊन देवळं बघतात, किल्ले बघतात, समुद्र बघतात. केळुसकर नवराबायको गावोगाव जाऊन टीव्ही बघायचे. तोही त्या त्या मुलखातला, त्या त्या भाषेतला. मिरचीचे बाजारभाव, हरवलेली म्हैस, साडीच्या दुकानाची जाहिरात, पाककृती, आणि दुपारची मालिका. भाषेचं एक अक्षर येत नसताना.

डिशला उपग्रह दिसावा लागतो आणि तो आपल्याकडून आग्नेयेला असतो. तिथे झाड आलं, इमारत आली की चित्र गेलं. म्हणून काकांचा कुठल्याही जागेबद्दल पहिला प्रश्न असायचा, "आग्नेय मोकळी आहे का?" आमच्या बदलापूरच्या शिरगावात नवी बिल्डिंग उभी राहिली आणि माझ्या मेहुण्याने तिथे फ्लॅट घेतला, तेव्हा वास्तुशांतीला काका आले, खिशातून होकायंत्र काढलं, गॅलरीत उभे राहिले आणि यजमानांना म्हणाले, "समोर टॉवर होणार आहे. आग्नेय जाणार तुमची." मेहुण्याच्या सासूबाईंना वाटलं, काहीतरी शास्त्रातलं आहे. त्यांनी लगेच गुरुजींना विचारलं. गुरुजी म्हणाले, आग्नेयेला स्वयंपाकघर असतं. काका म्हणाले, "तुमच्या शास्त्रात."

डिश लावायचा त्यांचा प्रकार बघण्यासारखा असतो. बाकीच्या घरांत एकजण गच्चीवरून ओरडतो, "आला का?" आणि दुसरा खालून ओरडतो, "गेला." इथे ओरडून उपयोग नाही. म्हणून काका टपावर स्पॅनर घेऊन बसतात आणि काकू आत पडद्यासमोर लाटणं घेऊन. लाटणं छताला एकदा वाजलं तर चित्र नाही. दोनदा वाजलं तर आलं. तीनदा वाजलं तर चहा झालाय, खाली या. हे सगळं इतकं बिनबोभाट चालतं की आमच्या बिल्डिंगमधल्या ऐकू येणाऱ्या जोडप्यांनी शिकावं.

पहिल्यांदा चाचणी म्हणून ते बारवी धरणाकडे गेले, तेव्हा मला आणि वर्षाला बरोबर नेलं. समोर एवढं मोठं पाणी, पलीकडे डोंगर, काठावर भाताची खाचरं. काकांनी होकायंत्र लावलं, डिश फिरवली, आणि उजेड पडद्यावर येतो म्हणून बसचे सगळे पडदे ओढून घेतले. आत आम्ही चौघं, टीव्हीवर एक कानडी बाई फणसाची भाजी करत होती. काका-काकूंचा वाद चालू होता, तिने दुसऱ्यांदा घातलं ते मीठ की साखर. पाड्यावरचे एक म्हातारबाबा दारात येऊन उभे राहिले. जरा वेळ बघितलं त्यांनी.

"पानी बगाचा सोरून टीवी बगताव काय तुमी?"

"पाणी काय, उद्यापण आहे," काका म्हणाले. "फणस आत्ताच आहे."

बाबा आत येऊन बसले. दहा मिनिटांनी म्हणाले, "मीठ हाय त्ये." काकूंनी ओठ वाचले आणि टाळीसाठी हात पुढे केला.

परत येताना मी काकांना विचारलं होतं, "काका, हे सगळे चॅनेल घरच्या डिशवरपण दिसतात. मग इतकं डिझेल जाळून त्या गावाला जायचं कशासाठी?"

काका माझ्याकडे दयेने बघत म्हणाले, "सुधीर, हुबळीत पाऊस पडणार आहे, हे मी बदलापुरात बसून बघितलं, तर छत्री कोण उघडणार?"

माणूस हुशार आहे, थोडा सटकलेला आहे, असं आम्ही बिल्डिंगवाल्यांनी ठरवून टाकलं.

प्रवासातले किस्से काकू सांगायच्या. हे मात्र खरं, की घरी असताना फार न बोलणाऱ्या काकू प्रवासाहून आल्या की चार दिवस नुसत्या बोलत सुटायच्या. एकदा विजापूरच्या बाजूला कांदे हवे होते. काकांनी दुकानदाराला खुणेने सांगायचं म्हणून डोळे चोळले, रडल्यासारखं केलं. दुकानदाराने त्यांना स्टुलावर बसवलं, पाणी दिलं आणि पाठीवरून हात फिरवला. "हे तिथे बसून पाणी पितायत," काकू सांगत होत्या, "आणि तो बिचारा पण डोळे पुसतोय. मी गेले, हाताने सालं काढून दाखवली, किलोभर घेतले." काका म्हणाले, "माझा अभिनय पास होता. विषय चुकला."

तर असे हे काका कन्नड समजायला लागलं म्हणून परत आले, ते दिवाळीनंतर. आल्या आल्या जाहीर केलं, "आता तेलुगू." पण तेवढ्यात त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली. बस गेटपाशी ताडपत्री पांघरून उभी राहिली. काका रोज सकाळी खाली येऊन तिच्याभोवती एक चक्कर मारायचे.

संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्याकडे होतं. खोलीभर बायका, एकाच वेळी पाच विषय. वर्षाने मला नंतर सांगितलं, की मालतीकाकू कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून होत्या, सगळ्या हसल्या की हसायच्या. एकदा सगळ्या हसायच्या थांबल्या तरी त्यांचं हसू तसंच राहिलं. कुणीतरी ते बघितलं, हे त्यांनीही बघितलं. मग तिळगूळ घेऊन लवकर निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी काका माझ्याकडे आले.

"तुझी बँकेतली नोकरी आता संपली ना?"

"हो. स्वेच्छानिवृत्ती घेतली ना मी."

"मग चल. बस चालव. तेलंगणात जायचंय."

"डॉक्टरांना विचारलंत?"

"डॉक्टरांनी मला चालवायला बंदी केलीय. बसायला नाही."

इतक्या घाईचं कारण मी विचारलं नाही. मला स्वतःला जायचं होतं आणि त्याला एक कारण होतं, जे मी कुणाला सांगितलं नव्हतं. माझं लहानपण सोलापूरला तेलुगू विणकरांच्या वस्तीत गेलं. मला तेलुगू बोलता फार येत नाही, पण समजतं सगळं. वाटलं, इतकी वर्षं बिचारे अंदाजपंचे बघतायत. यावेळी आपण अर्थ सांगू. काका खूश होतील. ऐनवेळी सांगून चकित करायचं ठरवलं.

सोलापूर ओलांडून आम्ही तेलंगणातल्या एका लहानशा गावाबाहेर थांबलो. भाताच्या गिरणीमागचं मोकळं मैदान होतं. काकांनी होकायंत्र बघितलं आणि म्हणाले, "पास." गिरणीच्या मालकाने बस मागून वाचली, आत डोकावून बघितलं आणि थांबायला हरकत नाही अशी मान हलवली.

पहिल्या दुपारी काका-काकूंनी एक मालिका धरली. त्या दुपारइतकं काकूंना मी कधी खुललेलं पाहिलं नव्हतं. पडद्यावर एक बाई आणि कोट घातलेला एक माणूस.

"हा नवरा नाही हो तिचा," काकू म्हणाल्या. "दीर आहे. नवऱ्याकडे बाई अशी बघत नाही."

"दीर असता तर सोफ्यावर टेकून बसला असता," काका म्हणाले. "हा काठावर बसलाय. हा पाहुणा."

"पाहुण्याला कुणी असा चहा देतं? बशी आपटली तिने. घरचाच आहे."

"तुझं आपलं काहीतरी."

"अहो, हात बघा तिचे. खोटं बोलतेय ती. मी सांगते, लिहून ठेवा."

आणि काकूंनी काकांच्या गुडघ्यावर चापट मारली. काकांनी वादात हार मानली नाही, पण गुडघाही मागे घेतला नाही. मी मागे बसून मनात म्हणत होतो, उद्या सांगू. उद्या मजा येईल.

दुसऱ्या दिवशी अडीच वाजता पुढचा भाग लागला. तोच कोटवाला आला. काकू म्हणाल्या, "आला बघा दीर."

"काकू, तो तिचा वकील आहे," मी म्हणालो.

काकूंची पाठ माझ्याकडे होती. त्यांना कळलं नाही. काका मात्र गर्रकन वळले. मला वाटलं, विस्मयाने वळले. मी जोरात आलो. "वकील आहे काका. घराचे कागद तिच्या भावाने पळवलेत. तो सांगतोय, कोर्टात जाऊ नका, आपसात मिटवा. ती म्हणतेय, भाऊ असला म्हणून काय झालं..." पडद्यावरची माणसं बोलत होती आणि मी वाक्यामागून वाक्य मराठीत ओतत होतो.

काकूंनी काकांकडे बघितलं. काका माझ्याकडे तोंड करून होते.

"काय म्हणतोय सुधीर?"

काकांनी ओठ स्पष्ट हलवून सांगितलं, "वकील. तो वकील आहे."

"हो का," काकू म्हणाल्या.

मी पुढे बोलत होतोच. थोड्या वेळाने त्यांनी परत विचारलं, "आता काय म्हणतोय?" काकांनी सांगितलं. तोवर पडद्यावर दुसरंच काही चालू झालं होतं. काकू पडद्याकडे बघत होत्या, मग काकांकडे, मग माझ्या तोंडाकडे. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं नाही. उठल्या, ओट्याशी गेल्या आणि डाळ निवडायला घेतली. ती डाळ सकाळीच निवडून झाली होती.

काकांनी टीव्ही बंद केला आणि रिमोट पडद्याच्या खिशात ठेवला.

"तुला तेलुगू येतं?"

"सोलापूरला शिकलो काका, लहानपणी. म्हटलं, तुम्हाला जरा..."

त्यांनी मान हलवली. मला रिजेक्टसुद्धा म्हटलं नाही त्यांनी. त्या संध्याकाळी आम्ही तिघं पिठलंभात जेवलो. काकूंनी मला वाढताना नेहमीसारखं वरून तूप घातलं, त्याचं जास्त वाईट वाटलं.

सकाळी काका टपावर चढले. नुकतं ऑपरेशन झालेला माणूस, म्हणून मीही मागोमाग चढलो. डिशचा एकही नट ढिला नव्हता. ते नुसते स्पॅनर हातात घेऊन बसले होते.

"काका, माझं काय चुकलं?"

ते गिरणीच्या पत्र्याकडे बघत बोलले, माझ्याकडे न बघता.

"आमच्या घरी रोज साडेसातला मालिका लागायची. आम्ही जेवता जेवता बघायचो. तिचं ऐकणं गेलं तसं ती विचारायची, काय म्हणाला? मी सांगायचो. मग लिहून द्यायला लागलो. ती वाचेपर्यंत पुढचा सीन. मी हसायचो, ती माझ्याकडे बघून हसायची. एक दिवस विचारायचंच बंद केलं तिने. नुसती बसायची, पडद्याकडे तोंड करून."

"आवाज बंद करून बघायचं ना दोघांनी."

"केलं. दोन दिवस केलं. म्हणाली, माझ्यावर दया नका करू, लावा आवाज." काकांनी स्पॅनर एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "मला एक वाईट सवय होती बघ. कुठलीही गोष्ट सांगायची तर आधी 'ऐकलंस का' म्हणायचं. जीभ चावून चावून घालवली ती सवय. पण ती ओठ वाचते. मी कुठे थांबलो ते तिला कळायचं."

"मग एकदा भाचीच्या लग्नाला हुबळीला गेलो. लॉजमध्ये टीव्हीवर सगळं कानडी. मला ओ की ठो कळेना. आणि ही सांगायला लागली. हा असा आहे, ती तशी आहे, हा खोटं बोलतोय. चेहरे बघून बघून तयार झालेली ना ती. मी म्हटलं, छे. ती म्हणाली, पैज. किती वर्षांनी आम्ही भांडलो, सुधीर. खाली बाजारात गेलो, तिथे मीही मुका आणि मीही बहिरा. दुकानदार दोघांशीही हातवारे करून बोलायचा. तिथे तिच्याकडे कुणी वेगळं बघितलं नाही. घरी येऊन कानडी लावून पाहिलं. नाही जमलं. बेल वाजते, फोन येतो, तुम्ही लोक जिन्यात ओरडता. घरी ती बहिरी आणि मी नाही. तिकडे आम्ही दोघं सारखे."

"आणि दिवाळीनंतर ते कन्नड..."

"कळायला लागलं ना. एका विनोदाला मी पटकन हसलो. ती नंतर हसली. माझ्याकडे बघून. त्याच दिवशी निघालो."

खाली काकू भांडी घासत होत्या. काका म्हणाले, "तिला यातलं काही माहीत नाही. तिला वाटतं, मला टीव्हीचं वेड आहे. तसंच राहू दे."

मी म्हटलं, दुपारी मी गावात फिरून येतो. ते म्हणाले, ये.

दुपारी निघालो, पण उन्हाने अर्ध्यातूनच परतलो. काकू बसच्या सावलीत चटईवर बसून भेंडी चिरत होत्या. काका आत पडदे सारखे करत होते. मी समोर बसलो, ओठ नीट हलवत, आवाज न चढवता म्हणालो, "काकू, काल माझं चुकलं."

"अरे, तुझं काय चुकलं. तुला येतं म्हणून सांगितलंस." त्यांनी सुरी खाली ठेवली आणि बसच्या दाराकडे एक नजर टाकली. आपला आवाज किती मोठा निघतो याचा त्यांना अंदाज येत नाही. म्हणून त्यांनी तोंडापाशी पदरासारखी ओढणी धरली आणि अगदी हळू बोलल्या.

"तुला एक सांगू? यांना टीव्ही मुळीच आवडत नाही. लग्न झालं तेव्हा अंबरनाथला चाळीत राहायचो. शेजारी टीव्ही आला. सगळी चाळ तिथे जमायची. हे एकटे गॅलरीत पेपर वाचत बसायचे. आता सत्तराव्या वर्षी त्या लोखंडावर चढून नट पिळतात."

मी एवढंच विचारलं, "त्यांना माहीत आहे? तुम्हाला कळलंय ते?"

"छे." त्यांनी परत सुरी घेतली. "सांगितलं तर लाजतील. लाजले की बंद करतील. मग दोघं घरात बसू, ते पेपर वाचतील आणि मी त्यांच्याकडे बघत बसेन. त्यापेक्षा हे बरं नाही का?"

मी मान हलवली.

"आणि तूही ते वकील-बिकील काही सांगू नकोस. तो दीरच आहे."

आतून काका दारात आले. अडीच वाजत आले होते. त्यांनी काकूंकडे बघून भुवया उंचावल्या, जरा भीतभीतच. काकूंनी हात ओढणीला पुसले, भेंडीची ताटली माझ्याकडे सरकवली आणि आत गेल्या.

मी बाहेर चटईवरच बसून राहिलो. खिडकी उघडी होती. मालिका सुरू झाल्याचं संगीत आलं, मग त्या बाईचा आवाज, मग एका पुरुषाचा. जरा वेळ केळुसकर नवराबायको गप्प होते. मला वाटलं, गेलं, मोडलं ते कालच.

मग काकूंचा आवाज आला, पूर्वीसारखाच खणखणीत. "माफी मागतोय तो तिची."

"माफी कसली? घर सोडून चाललाय तो. डोळे बघ."

"घर सोडून जाणारा माणूस असा खाली बघून बोलतो का? अहो, हात जोडायचा राहिलाय फक्त. थांबा, आता रडेल ती."

"नाही रडणार. कडक आहे बाई."

"लावा पैज."

मी ऐकत होतो. आत तो माणूस त्या बाईला विचारत होता, कपाटाची किल्ली कुठे ठेवलीस, आणि ती सांगत होती, तिथेच पेपराखाली असेल, नीट बघ. दोघांचंही साफ चुकत होतं. चापट मारल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ काका हसले. मी पुढची भेंडी घेतली.